बादलीतलं वजन

"चढ गं काट्यावर," अण्णा म्हणाले.

शेवटची पंगत उठली होती. मी मागच्या नळावर कढया घासत होते. हाताला राख, पातळ वर खोचलेलं. कोठीघराच्या दारात मुलीकडची चार-पाच माणसं पान खात उभी होती. शेजारी लोखंडी काटा, ज्यावर साखर, तांदूळ, बेसन मोजून घेत. त्यांच्यातला एक, मुलीचा मामा असावा, मघापासून माझ्याकडे बघत होता. तो अण्णांना, म्हणजे कार्यालयाच्या मालकाला म्हणाला होता, "तुमच्याकडची साखर कुठं जाते ते आज कळलं."

मला वाटलं, थट्टा आहे, सोडून देतील. अण्णांनी पुन्हा हाक मारली. मी नळाचा पाइप धरून उठले. वेळ लागला. गुडघे वाजले, तेही त्यांनी ऐकलं असणार. ओले पाय पातळाला पुसले आणि काट्यावर चढले. कुणी ढकललं नाही. माझी मी चढले.

अण्णांनी दांडीवरचं वजन सरकवलं. पुढं. अजून पुढं.

"ब्याण्णव."

भिंतीला साखरेचं शंभर किलोचं पोतं टेकून ठेवलेलं. मामा म्हणाला, "आठ किलो कमी पडली."

"मग हिच्या बादलीत आज जिलब्या जास्त टाका रे," अण्णा वाढप्यांना म्हणाले. "पुढच्या तिथीपर्यंत पोतं भरेल."

सगळे हसले. मीही हसले. तोंडाला पदर लावून, काट्यावर उभी राहून हसले. हे आधीच सांगते. पुढचं वाचताना मी बिचारी वाटेन, आणि मी नुसती बिचारी नव्हते.

मोठ्या दुष्काळात आम्ही सिन्नरकडचं गाव सोडलं. आम्ही म्हणजे मी आणि आई. नवऱ्यानं मला टाकून दोन वर्षं झाली होती. नाशकात द्वारकेच्या आतल्या बाजूला वस्तीत एक खोली मिळाली आणि मला या मंगल कार्यालयात भांड्यांचं काम. मजुरी थोडी, आणि वर जेवण. जेवण म्हणजे पंगती उठल्यावर जे उरेल ते. प्रत्येक बाईनं आपली बादली आणायची. ती भरून न्यायची. ते मजुरीतच धरलेलं असायचं, त्यामुळे मजुरी वाढवा म्हणायची सोय नव्हती. अण्णा म्हणायचे, "नाशकात कुठल्या कामाला रोज पक्वान्न मिळतं, सांग."

लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांत. वर्षभर काही ना काही. जिलबी, बुंदी, पुऱ्या, मसालेभात. बुंदी चार-चार दिवस टिकते. वाळलेल्या पुऱ्या चहात बुडवून खाता येतात. घरी चूल पेटवायचं काम उरलं नाही. ज्वारीचा डबा रिकामा झाला तो कितीतरी महिने भरलाच नाही. गावाकडं आम्ही दोघी वाळलेल्या काटक्या होतो. चार वर्षांत आमच्याकडं बघून लोक म्हणायला लागले, मायलेकींना शहर मानवलं.

आईचे गुडघे आधी गेले. ती घरात बसून असायची, बसून खायची. मग माझे. मी दिवसभर उकिडवी बसून मोठमोठी पातेली घासायची, त्यात कंबरही धरली. सकाळी अंथरुणावरून उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकायचे, मग भिंत. संडास वस्तीच्या टोकाला. तिथं बसलं की उठता यायचं नाही. मी आईला हाताला धरून न्यायची, आणि तिला उठवताना माझ्याच कंबरेत कळ उठायची. एकदा दोघी तिथंच अडकलो. ती उठेना, मला तिला उचलता येईना. बाहेर बायका डबे घेऊन उभ्या. एक म्हणाली, "आतमधी म्हशी शिरल्या का काय." आईनं ते ऐकलं. मला म्हणाली, "तू जा. मी बसते हितंच."

आता जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते लिहिते.

आई गावात असताना, लहानपणी, घरोघर भाकरी मागायला जायची. आमच्या माणसांचं ते कामच होतं. टोपली घेऊन दाराबाहेर उभं राहायचं, वरून तुकडे पडायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं ती टोपली विहिरीच्या कडेला नेऊन जाळली. उष्टं खाणार नाही, ही तिची शपथ. भुकेनं पडलो तरी नाही. दुष्काळातही तिनं ती मोडली नाही.

म्हणून मी पहिल्यांदा बादली घरी आणली तेव्हा तिनं विचारलं, "पातेल्यातलं हाय ना?"

पातेल्यातलं म्हणजे उरलेलं. पत्रावळीवरचं म्हणजे उष्टं. आम्ही भांड्यावाल्या बायकांनी हा फरक करून ठेवला होता आणि त्यावर आमची इज्जत उभी होती. मी म्हणाले, "हो. पातेल्यातलं."

पहिले काही दिवस ते खरंही होतं. मग लक्षात आलं की पातेली आचारी आणि वाढपी आधीच खरवडून नेतात. आमच्यासाठी एक परात असायची. पंगत उठली की पत्रावळींवर ज्या जिलब्या आख्ख्या राहिल्या, ज्या पुरीला कुणी हात लावला नाही असं दिसायचं, ते वेचून त्या परातीत टाकायचं. मोडकं टाकायचं नाही, आख्खं तेवढं घ्यायचं. हे वेचायचं काम माझ्याकडं होतं. माझा हात चलाख होता म्हणून अण्णांनी मला दिलं होतं. मी वेचायची, बादली भरायची, घरी जायची. आई विचारायची. मी हो म्हणायची.

पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. तिचा माझ्यावर भरवसा बसला होता.

काट्यावर चढले त्यानंतर पंधरा दिवसांत माझी कंबर पूर्ण धरली. नळावर बसले ती बसलेच. माझ्याबरोबर कौसा काम करायची, चार पोरांची आई, बोलायला तिखट. तिनं काखेत हात घालून मला ओढलं आणि म्हणाली, "बये, आता तुला उचलायला बी वाढपी लागतील." पण दुसऱ्या दिवशी तीच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान. केस कापलेले. बोलणं तुटक. म्हणाल्या, "काट्यावर उभी राहा."

मी म्हणाले, "नाही."

"म्हणजे?"

"काट्यावर नाही चढणार. गोळ्या नका देऊ, पण चढणार नाही."

मला रडू आलं. तिथं रांग लागलेली, माणसं बघत होती. बाईंनी स्टूल पुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "नको चढूस. बस." त्यांनी गुडघे दाबून बघितले, पाय वाकवून बघितले, पाठीवर बोट फिरवलं. विचारलं, "काय खातेस?"

"भाकरी."

"भाकरी खाऊन असं होत नाही. खोटं बोलायचं तर कशाला आलीस?"

त्यांचा आवाज चढला होता. मला राग आला. वाटलं, हिला काय माहीत. आणि त्या रागातच मी सांगून टाकलं. बादली, परात, वेचणं, सगळं. कौसा शेजारी उभी होती, तिनं मान फिरवली. आमच्यातलं कुणी हे बाहेर बोलत नसे.

बाई म्हणाल्या, "चालताना अंगाचं सगळं वजन गुडघ्यावर नुसतं बसत नाही, आपटतं. कितीतरी पटीनं आपटतं. म्हणून अंगावरून थोडं उतरलं तर गुडघ्यावरून खूप उतरतं. पोट पुढं ओढतं, म्हणून कंबर मागं ताण देते. ती दिवसभर तेच करते, थकणार नाही तर काय. मी गोळी देते. पण गोळीनं दुखणं झाकलं जाईल, ओझं तसंच राहील. सांध्यात जे झिजलं ते परत येत नाही. पण दुखणं कमी होतं. हे मी बघितलंय."

"माझ्या आईचे गुडघे तर माझ्याहून वाईट आहेत."

"तीही तेच खाते?"

मी मान हलवली.

"किती वर्षं?"

"बारा."

बाईंनी चिठ्ठी लिहिली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाल्या, "लवकर यायला हवं होतं."

दवाखान्यातून घरापर्यंत चालत आले. वाटेत चार वेळा बसले. त्या चार वेळांत एवढंच डोक्यात होतं, की आई चालती होती तेव्हा मी तिला शहरात आणलं आणि मीच बसवलं. तिची शपथ मोडून बसवलं, तिला कळू न देता. अण्णांनी माझं वजन केलं, मला लाज वाटली. पण त्यांच्या परातीतलं वजन आईच्या अंगावर चढवणारी मी होते.

पुढच्या तिथीला कामाला गेले. परात समोर आली. मी वेचायला बसले नाही. अण्णा आले.

"काय गं, बादली कुठंय?"

"आणली नाही."

"का? डायटिंग का?" दोन वाढपी हसले. "बाईसाहेब झाल्या."

"अण्णा, हे पत्रावळीवरचं आहे."

"बारा वर्षं काय पातेल्यातलं होतं मग?"

"तेव्हाही पत्रावळीवरचंच होतं. मीच वेचलं. आता वेचणार नाही आणि नेणार नाही. याच्या बदली मजुरी द्या."

"मजुरी ठरल्याप्रमाणंच मिळंल. पटत नसंल तर उद्यापास्नं येऊ नको."

"येणार," मी म्हणाले. "घासायला येणार. न्यायला नाही."

  या वेळी मी हसले नाही. अण्णांनी मला काढलं नाही. पुढं सलग तिथी होत्या आणि हात कमी होते. मजुरीही वाढवली नाही.

कौसा मात्र भडकली. नळावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू नाय म्हनलीस तर उद्या आमचंबी बंद करतील. माझी चार तोंडं हायत. तुझं काय, तू आन तुझी म्हातारी."

"कौसा, उष्टं आहे ते."

"मला काय ठावं नाय व्हय? बोलली कशाला तू? गपचीप खात व्हतो ना."

मी पुढची कढई ओढली. 

त्या संध्याकाळी आईसमोर बसले आणि सांगितलं. पहिल्या वर्षापासूनचं. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. मी सांगून संपवलं. मग म्हणाली, "पानी दे." मला वाटलं प्यायला. तिनं तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा तांब्या मागितला.

मग म्हणाली, "मी टोपली जाळली व्हती. तू बादली आनली."

तीन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. शेजारणीनं दिलं ते खाल्लं. चौथ्या दिवशी म्हणाली, "ज्वारी आन."

तेव्हापासून घरात भाकरी, मेथी, मुगाची आमटी. हातात पैसे कमी असायचे, म्हणून तेही मोजकंच. सुरुवातीला गोडाची इतकी आठवण व्हायची की मी कामावर परातीकडं पाठ करून बसायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं चाल, दुखलं तर थांब, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. मी चालले. गल्लीच्या तोंडापर्यंत, मग विहारापर्यंत, मग कामावर जाताना निम्मी वाट. काही महिने काहीच फरक नाही. मग एकदा नळावरून एका हातानं उठले. उठल्यावर कळलं की दुसरा हात पाइपावर नव्हता. पुढच्या पावसाळ्यात उताणी झोपता यायला लागलं. कंबर आहे, दुखते, पण रडवत नाही. किती किलो उतरले ते माहीत नाही. काट्यावर मी अजून चढलेली नाही.

आईचंही अंग उतरलं. दुखणं थोडं उतरलं, रात्रीचं कण्हणं थांबलं. पण तिचे गुडघे वाकडे झाले होते, ते सरळ झाले नाहीत. भिंत धरून दारापर्यंत, तेवढंच. विहार आमच्या दारातून दिसायचा. तिला तिथं एकदा स्वतःच्या पायानं जायचं होतं. गेली नाही. दोन वर्षांनी वारली. मी दहा वर्षं आधी तोंड उघडलं असतं तर ती गेली असती. मला कुणी सांगू नये की तसं नसतं. तिनं मला माफ केलं का, मी विचारलं नाही. ती आपणहून बोलली नाही.

त्यालाही बरीच वर्षं लोटली, कौसा आता कामाला येत नाही. तिला बसता येत नाही. तिच्या जागी तिची सून यायला लागली, विशीतली, सडपातळ. गेल्या आठवड्यात ती नवी बादली घेऊन आली. मी मागच्या फाटकाशी तिला अडवलं आणि सांगितलं, परातीत काय असतं ते. कोण वेचतं ते. माझ्या आईचं सांगितलं. तिच्या सासूच्या गुडघ्यांचं सांगितलं.

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही खाल्लं तवा ग्वाड लागलं ना?"

"लागलं," मी म्हणाले. "लय गोड लागलं."

"मंग मला का अडवता?"

ती आत गेली. बादली भरून बाहेर आली, माझ्याकडं न बघता. अण्णांच्या मुलानं, आता तो बघतो कार्यालय, मला बोलावून सांगितलं की असलं काही बायकांना सांगत बसलीस तर फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

परवा तिथी आहे. मी फाटकाच्या बाहेर उभी राहणार आहे. चार तास उभं राहता येतं आता मला. प्रत्येक बादलीला सांगणार आहे, पत्रावळीवरचं आहे, त्याची मजुरी मागा. एवढंच, पण मोठ्यानं. मांडवातल्या पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.