जिथं बेअरिंगच नव्हतं

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो, तिथं पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. खोकं मुकं असतं, पण ते बनवणारी यंत्रं दिवसभर बोलतात, आणि त्यांचं बोलणं आमच्यात एकाच माणसाला कळायचं. ते म्हणजे मिस्त्री. वय साठीला टेकलेलं, रोज फुलंब्रीहून एसटीनं येणं-जाणं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून महिनाभर काढंल," नाहीतर "आजच उतरवा, रविवारी रडवंल." बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

मी त्यांचा साहेब. नऊ वर्षांपूर्वी रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती मूठ माझ्या कानाला लावून विचारलं, "येतंय ना?" मला नुसती घूं ऐकू आली. पण मी नवा साहेब, भोवती चार माणसं उभी. मी मान डोलावली. एकदा डोलावलेली मान थांबवायची कशी, हे पुढची नऊ वर्षं मला सुचलं नाही. आमची ही म्हणायची, "स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, आणि म्हणे कारखान्यात मोटारी ऐकतात!" मी चिडायचो. खरं बोलणाऱ्यावर चिडण्यावाचून दुसरं करणार काय?

गेल्या दिवाळीनंतर मिस्त्रींच्या निवृत्तीला दोन महिने उरले आणि मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मिस्त्रींकडून सगळं उतरवून घ्या, त्या नव्या मुलीलाही शिकवा. ते गेल्यावर कुठली मोटार थांबवायची ते तुम्ही सांगायचं." मी सवयीनं मान डोलावली.

नवी मुलगी पडेगावची, डिप्लोमा करून आलेली, बाविशीची. कळलं नाही तर तसं म्हणायची तिला अजिबात लाज नव्हती. पहिल्याच दिवशी मूठ कानाला लावून म्हणाली, "काका, काहीच कळत नाही. घरचा मिक्सर चालल्यासारखं येतंय."

"साहेबांना इचार," म्हणत मिस्त्रींनी मूठ माझ्या हाती दिली आणि टोक स्वतः धरून एका जागी टेकवलं.

मी डोळे मिटले. "हं... बेअरिंगला थोडी घरघर आहे. आतल्या बाजूनं."

मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, हे नुसतं पत्र्याचं झाकण हाये. बेअरिंग तिकडं, हातभर लांब."

पोरगी हसली नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

चहाच्या टपरीवर मी मिस्त्रींना गाठलं. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिसापासून."

"मग आजच का?"

"आजवर मी व्हतो. आता मी चाललो." त्यांनी कप खाली ठेवला. "बेअरिंग जाम झालं आन् पट्टा तुटला, तर तिथं माणूस उभा असतोय साहेब. तवा मान हलवून भागत नाय."

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पोरीशेजारी विद्यार्थी म्हणून उभा राहिलो.

मिस्त्रींची शिकवण्याची तऱ्हा निराळी. आजारी मोटार पंधरा दिवस ऐकवलीच नाही, फक्त धडधाकट. "घरच्या माणसाचा आवाज पाठ असला की त्याची सर्दी फोनवर बी कळती." अडचण एकच. त्यांना कळायचं लई, पण सांगायला शब्द दोनच: बरं आणि खराब. तिथं पोरगी कामाला आली. "खराब म्हणजे कसं, काका? रवा चाळल्यासारखं की तांदूळ निवडल्यासारखं?"

मिस्त्रींनी पुन्हा कान लावला. विचार करून म्हणाले, "तांदूळ. आन् त्यात एक खडा."

मी मूठ घेतली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी ऐकू आलं. पोरीनं ते सगळं वहीत लिहिलं, मिस्त्री ती वही चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "च्यायला, हे मला येतंय व्हय!"

जानेवारीत ते निवृत्त झाले. पुढच्याच आठवड्यात, ऐन घाईच्या ऑर्डरीत, मोठ्या पंख्याच्या मोटारीनं मला अस्वस्थ केलं. पोरीनं ऐकलं. "मला ठीक वाटते, सर." मी मिस्त्रींना फोन लावला.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "मी इथं तुरीत उभा हाये. कान तुमचा हाये, तुमीच ठरवा."

मोठे साहेब खाली आले. "नक्की खराब आहे?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो, तेही माणसांच्या देखत. "पण मला शंका आहे. थांबवा."

त्यांनी मशीन बंद करायला लावलं. दोन तासांनी बेअरिंग हातात आलं. आतल्या कड्याला तिळाएवढा खड्डा पडला होता.

पोरीचा चेहरा उतरला. "मला का नाही आलं ऐकू?"

मी तिला शेजारच्या चालू मोटारीपाशी नेलं, टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ तिच्या हाती दिली. "ही बरी आहे. हिचा आवाज आधी पाठ कर. येतंय?"

तिनं डोळे मिटले, उघडले.

"नाही, सर."

"बरं," मी म्हणालो, आणि आम्ही तिथंच उभे राहिलो.