नंदूने टाकलेला जुना पासवर्ड

असले अनुभव वाचताना मी कायम पान उलटत आलोय. औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे, वय त्रेपन्न. जे रजिस्टरला नाही ते नाही, असा माझा स्वभाव. तरी हे लिहितोय, कारण यातली एक गोष्ट मला कळत नाही आणि दुसरी मी दोन महिने दडवली.

भांडुप पश्चिम, डोंगराच्या पायथ्याची चाळ. नऊ नंबरची खोली माझी, दहा नंबरची धाकट्या भावाची, नंदूची. मध्ये एकच भिंत. खोल्यांत मोबाइलला रेंज अजिबात नाही, त्यासाठी उतरून नाक्यावर जावं लागतं. म्हणून नंदूने माझ्याकडे वाय-फाय बसवून घेतलं, दोन्ही घरांना मिळून एकच. माझ्या म्हाताऱ्या डेस्कटॉपवर लिनक्सही त्यानेच टाकलं. "दादा, विंडोजने जीव घेतलाय याचा. आता बघ, पोरासारखा पळेल!"

नंदूचं बायकोशी पटलं नाही. ती सईला, त्यांच्या मुलीला, घेऊन कुडाळला माहेरी राहते. रोज संध्याकाळी सातला नंदू सईला व्हिडिओ कॉल करायचा. भिंतीपलीकडून त्याचं हसू ऐकू यायचं.

गेल्या गणपतीत रजा मिळाली नाही म्हणून मी गावी गेलो नाही. तिकडे नंदू सगळ्या भावकीसमोर बोलला, "दादाला आता गाव नको झालाय." मला ते फार लागलं. तो परत आल्यावर मी भांडलोसुद्धा नाही. गुपचूप वाय-फायचा पासवर्ड बदलला.

संध्याकाळी तो दारात. "काय रे दादा, नेट गेलंय?"

"माझंपण गेलंय. कंपनीचा काहीतरी लोचा असेल."

खोटं पचावं म्हणून डेस्कटॉपवर मी नवा पासवर्ड टाकलाच नव्हता. बिचारा तासभर त्यापुढे बसला. सेव्ह केलेलं नेटवर्क पुसलं, पुन्हा जोडलं, टर्मिनल उघडून नेटवर्कची सर्व्हिस बंद-चालू केली... दर वेळी पासवर्ड मागणारी तीच चौकट परत यायची. आणि मी मागे चहा घेऊन उभा. वर सल्ला देतोय — "कॅपिटल अक्षर बघ रे नीट."

तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला. व्हॉट्सॲपचा टिंग. रेंज नसलेल्या खोलीत.

नंदूने खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शांतपणे चहा संपवला. "राहू दे दादा. होईल आपोआप."

त्यानंतर तो रोज सातला नाक्यावर जाऊ लागला. मी खिडकीतून बघायचो. पासवर्ड सांगायला एक मिनिट पुरलं असतं... आठव्या दिवशी परत येताना तो चढावरच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. पासवर्डचं मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दोन महिन्यांनी सईचा मेसेज आला. "काका, बाबांनी माझे लहानपणीचे फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवलेत ना? पाठवाल?"

रविवार होता. तेव्हापासून बंद असलेला डेस्कटॉप मी संध्याकाळी लावला आणि नवा पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. एकेक अक्षर बघून टाकला, कीबोर्ड मराठीवर तर नाही ना तेही पाहिलं, मशीन रिस्टार्ट केलं. तोच पासवर्ड मोबाइलवर व्यवस्थित चालत होता.

बायको कणीक मळत होती. नवा पासवर्ड घेत नाही ही माझी पुटपुट ऐकून वैतागून म्हणाली, "अहो, जुना टाकून बघा ना! नंदूभावजींनी टाकलेला."

ती सहज बोलली. मी टाकला. आणि जोडलं गेलं.

फोटो गेले. लगेच सईचा मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "शेवटी शेवटी बाबा घरातून बोलायचेच नाहीत. रस्त्यावर उभे, सारखा कॉल कट. मला वाटायचं, कंटाळले मला."

म्हटलं, "नाही गं बाय. मी त्याचं नेट तोडलं होतं. मुद्दाम." सगळं सांगितलं. बायकोचे हात परातीत थांबले.

सई हळूच म्हणाली, "मी विचारलेलं बाबांना, बाहेर का उभे राहता. म्हणाले, घरात उकडतं. दादाला सांगू नको, उगाच पंखा घेऊन येईल."

कॉल तिने ठेवला. त्याच वेळी डेस्कटॉपचं नेटही गेलं.

ऑफिसच्या आयटीतल्या मिनलला मी मशीन दाखवलं. लॉगमध्ये सात दहाला जोडल्याची नोंद आहे, सात एकतीसला तुटल्याची. ती म्हणाली, "काका, हे होऊच शकत नाही. राऊटरवर पासवर्ड बदललाय ना, मग जुना तो घेणारच नाही. शेजारी कोणी याच नावाचं नेटवर्क ठेवलंय का?" चाळभर विचारलं. कोणी नाही. त्यानंतर जुना पासवर्ड एकदाही चालला नाही, नवा मात्र पहिल्या फटक्यात घेतला.

याचं उत्तर आता मी शोधतही नाही. सईने त्या दिवसापासून माझा फोन उचललेला नाही, तेही बरोबरच आहे. मी रोज सातला लावतो. पूर्ण रिंग वाजू देतो.