चाळीस दिवसांची सुट्टी

माझी मावशी शिवणकाम करायची आणि काका मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातून चाळीस दिवस ते घरी असत. तेवढे दिवस शिवणयंत्रावर चादर पडे, गिऱ्हाइकांना पुढच्या महिन्याचा वायदा मिळे आणि दोघांचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू येई. आम्हा भाच्यांना मात्र तिकडे फिरकायची बंदी.

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने जवळ बसवून आडपडदा न ठेवता तिची गोष्ट सांगितली.

दोन मुलांनंतर तिला तिसरं नको होतं. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी डोकं दुखायचं, म्हणून तिने संबंधाआधी योनीत ठेवायची, शुक्रजंतू मारणारी गोळी आणली. पहिल्यांदा काका, बोट जवळच्या बंदराला लागली म्हणून, मध्येच चार दिवस आले होते. गोळी दोनदा वापरली, काही त्रास झाला नाही. पुढे चाळीस दिवसांची सुट्टी आली. गोळी रोज, कधी दोनदाही. दुसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली. तिने साबणाने धुतलं, तर आगीतून फुफाट्यात. धड बसवेना, कुणाला सांगवेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती पाठ फिरवून झोपू लागली. एका सकाळी काका हळूच म्हणाले, "फार दिवस लांब राहिलो की माणूस परका होतो, नाही का?"

त्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, आठवड्यातून किती वेळा वापरता? मावशी बोटं मोजू लागली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. ती ओशाळली, पण बाई हसल्या नाहीत.

"क्वचित वापरलं तर बहुतेकींना सोसतं," त्या म्हणाल्या. "रोज वापरलं तर आतली नाजूक त्वचा सोलवटते, आणि तिथून दुसरा आजारही सहज शिरतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दुसरा काही आजार नव्हता. गोळी बंद, साबण बंद, बरं वाटेपर्यंत आराम, आणि मग तांबी बसवू, असं ठरलं.

घरी येऊन तिने काकांना सगळं सांगितलं.

"माझं बोट पोळलं तर मी अख्खी बोट डोक्यावर घेतो," ते म्हणाले, "आणि तू एवढे दिवस गप्प सोसलंस?"

आठवडाभरात जळजळ थांबली. उरलेली सुट्टी दोघांनी लांबलांब फिरण्यात घालवली, दुपारी काका तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. तांबी पुढच्याच महिन्यात बसली. पण लग्नाची इतकी वर्षं आठवताना मावशीला ते फिरण्याचे दिवसच आधी आठवत. "तेव्हा कुठे आमची ओळख झाली," ती म्हणायची.

काका निवृत्त झाल्यावर बारा महिने घरी बसून तिच्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवू लागले. मावशी वैतागून म्हणायची, चाळीस दिवसांचाच नवरा बरा होता. आणि ते जरा वेळ खाली गेले, तरी खिडकीशी जाऊन उभी राहायची.