मागच्या दारापर्यंत

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमचं नवं पिल्लू दाखवलंत. जाळीच्या चकचकीत पिंजऱ्यात बसून ते रडत होतं, शेजारी गालिच्यावर ओला डाग होता, आणि तुमचे बाबा मागून म्हणत होते, की हे असंच चाललं तर ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत. तुमचे उतरलेले चेहरे मी पाहिले, पण तेव्हा काही बोलले नाही. एवढी गोष्ट फोनवर सांगता येत नाही. आज सकाळी मोसमातलं पहिलं संत्रं सोललं, सालीचा तो तिखट-गोड फवारा बोटांवर उडाला आणि एका लाकडी पेटीचा वास आठवला. म्हटलं, आता लिहूनच काढावं. आपल्या नागपूरच्या घरातूनही एक पिल्लू असंच जाता जाता राहिलं आहे. आज माझ्या पायाशी घोरते आहे, तीच ती.

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती आली. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी ते रोज फिरत. ते गेल्यावर मी फिरू लागले, का ते मलाही नीट सांगता आलं नसतं. एका सकाळी तिथून एक तांबूस, हाडकुळं पिल्लू माझ्या चपलांच्या आवाजामागे चालत आलं ते थेट फाटकाच्या आत. मी वाटीत दूध दिलं आणि पुष्कळ महिन्यांनी मला भूक लागली. त्या पिल्लाने घरात काय आणलं हे मोजून दाखवता येत नाही. ऐकणारं कुणी असलं की माणूस मोठ्याने बोलतं, वेळेवर उठतं, पडदे उघडतं. ती गेली असती तर हे सगळं पुन्हा मिटलं असतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं.

पण घर माझ्या एकटीचं नव्हतं. आजोबांची थोरली बहीण, म्हणजे तुमच्या आत्याआजी, आमच्याकडेच राहत. मी त्यांना वन्सं म्हणत असे. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक आणि मन लोण्याचं, पण हे तिसरं बाहेरच्यांना सहसा दिसत नसे. पिल्लाने पहिल्याच दिवशी देवघराच्या उंबऱ्यापाशी ओलं केलं, आणि वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तू शाळेत पोरं सुधारली म्हणते न वं? मंग हिले सुधारवून दाखव. महालक्ष्म्या बसेपर्यंत पाहीन. नाही त जाईन हे नरखेडले, बागेत." नरखेडकडे आमच्या पुतण्याची संत्र्याची बाग आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तो दर भाद्रपदात गाडी घेऊन येतो. परत जाताना त्या गाडीत पिल्लू असणार की नसणार, एवढाच प्रश्न होता.

मी जन्मभर शाळा चालवलेली बाई. इंग्रजी पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले. पिंजरा म्हणजे कैद नव्हे, कुत्र्याची स्वतःची खोली, हे मला पटलं. पुतण्यानेच बागेतली दोन लाकडी खोकी आणून दिली, गल्लीतल्या सुताराने ती जोडून एक ऐसपैस पेटी केली, पुढे जाळीचं दार लावलं. लाकडात मुरलेला संत्र्यांचा वास शेवटपर्यंत गेला नाही. पहिल्या दिवशी मी तिला आत घालून सरळ कडी लावली. ती दुपारभर रडली आणि मी दाराच्या या बाजूला रडवेली होऊन बसले. मग पद्धत बदलली. दार सताड उघडं, आत माझं जुनं मऊ सुती लुगडं, जेवणाची ताटली आधी दाराशी, मग थोडी आत, मग अगदी टोकाला. कधीही शिक्षा म्हणून तिला आत पाठवायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला. हळूहळू ती झोप आली की आपली आपणच आत जाऊ लागली. दार लोटलं तरी डोळे उघडेनात. झोपून उठली की अंगण, जेवली की अंगण, खेळली की अंगण, आणि तिथे लिंबाखाली काम झालं की मी असं कौतुक करायची की शेजारीण गच्चीवरून विचारी, "कोण पास झालं वं?"

तरीही तो उंबरा काही सुटेना. अंगणात शहाणी, पेटीत शहाणी, आणि मोकळी सोडली की बरोब्बर देवघराच्या त्या कोपऱ्यात. वन्सं म्हणत, "मुद्दाम करते. देव पाहूनच करते." मी पुसून घेई, मग त्या शुद्धीसाठी तिथे गोमूत्र शिंपडत. पुन्हा पिल्लू, पुन्हा फडकं, पुन्हा गोमूत्र. पोळा झाला, दिवस भराभर सरू लागले. पुतण्याचा फोन आला, "काकू, जीव नका जाळू. साखळी घेऊन येतो." त्या दुपारी मी दुखरे गुडघे टेकून, तिच्या उंचीवर वाकून, नाक फरशीला लावलं. आणि पुस्तकात कुठेच नव्हतं ते उत्तर नाकात शिरलं.

सांगणं अवघड होतं. वन्संच्या श्रद्धेला बोट लावायचं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "वन्सं, ज्या जागी मुताचा वास, तीच आपली जागा, एवढंच तिला कळतं. तो कुणाचा, हे नाही कळत."

त्यांनी कोनाड्यातल्या गोमूत्राच्या बाटलीकडे पाहिलं. "म्हणजे मीच शिकवून राहिली का तिले?"

आणि एकाएकी त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. "देवाच्या दारात मुतायले मीच शिकवलं वं तिले! रोज, न चुकता!" मग डोळे पुसत, "मंग शुद्ध कशानं करू?"

व्हिनेगरच्या पाण्याने मी फरशी घासायची आणि नंतर त्यांनी गंगाजल शिंपडायचं, असं ठरलं. गंगाजलाला वास नसतो. (बाबांना सांगा, तुमच्या गालिच्यावर काय फवारता त्याचाही एकदा वास घ्या.) त्यानंतर तो कोपरा कोरडा राहू लागला. पण खरी परीक्षा गर्दीची असते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, पुरण, आंबील. घर माणसांनी फुललेलं. पेटी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिचं दार उघडं, ती आत झोपलेली. पुतण्या आला तो खरोखरच साखळी घेऊन. नैवेद्याआधी मी पंगतीच्या पानांवर कढी वाढत होते आणि पाहते तो ती गर्दीतून वाट काढत देवघराकडे निघालेली. ओगराळं माझ्या हातात तसंच राहिलं. ती त्या जुन्या कोपऱ्याशी थांबली. हुंगलं. आणि पुढे गेली. सरळ मागच्या दाराशी. दाराला कडी होती. तिने पंजाने दार खरवडलं, एकदा, पुन्हा एकदा.

जवळ फक्त वन्सं होत्या, सोवळ्यात, नैवेद्याच्या ताटापाशी. त्या दिवशी त्यांनी मलासुद्धा जवळ येऊ दिलं नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी कडी काढली. पिल्लू त्यांच्या सोवळ्याला अंग घासत अंगणात धावलं, आणि दारातून त्यांचा आवाज घरभरच्या गलक्याच्या वर चढला, "केलं वं! भाएर केलं!"

पंगत थबकली. वन्सं पुन्हा नहाणीघरात गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं, दुसरं सोवळं नेसल्या. नैवेद्याला तेवढा उशीर झाला. देवींनी काही मनावर घेतलं नाही. "आत्या," पुतण्या म्हणाला, "मंग मी साखळी कशाले आणली?"

"तुलेच बांधून घे गा, अन् जेवाले बस."

त्या दिवशीचं पुरण मी आयुष्यात कधी खाल्लं नाही इतकं गोड लागलं.

त्यानंतर सकाळी तिला बाहेर नेणं वन्संनीच आपल्याकडे घेतलं. आता त्या नाहीत. पेटीला वाळवी लागली, ती गेली. मीही आता हळू चालते, आणि ही तर माझ्याहून हळू. तिला मी माझ्या शाळेतल्या मराठीत "चल, बाहेर जाऊ" म्हटलं तर कान हलवून पडून राहते. इंग्रजी तर तिच्या गावीही नाही. म्हणून रोज पहाटे मागचं दार उघडून मी वन्संसारखंच म्हणते, "चाल वं माय, भाएर." ती उठते. वन्संचं एवढं बोलणं या घरात अजून आहे.