तिसऱ्या खोलीचं छत

दोन हजार पंचवीस साल, मला बहात्तरावं लागलेलं. भर उन्हाळ्यात परभणीहून मेघाताईंच्या भावाचा फोन आला, ताई गेल्या. तीन वर्षं आजारीच होत्या... खोटं कशाला लिहू, वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता तिसऱ्या खोलीचं कुणी विचारणार न्हाई, असं मनात आलं. त्या विचाराची लाज वाटली आणि मी ताट सारून उठलो.

ताई इमारतींचे नकाशे काढायच्या. आमच्या पोखर्णीच्या बाजूला त्यांनी शाळा बांधायला घेतली, ती जरा वेगळ्या लेकरांची. कुणी आवाजानं दचकतं, कुणी गरमीनं चिडून भिंतीवर डोकं आपटतं, कुणी महिना महिना बोलत न्हाई. म्हणून पत्रे नकोत, खडखडणारे पंखे नकोत, खोली आपली आपण थंड राहावी आणि वीजही कमी लागावी, असा त्यांचा हट्ट. मी चौथी नापास, पण पन्नास वर्षं गवंडीकाम केलेला. नकाशा उलगडून त्या म्हणाल्या, "मामा, स्लॅबमध्ये सळयांच्या मधे मडकी पालथी घालायची. आतली हवा ऊन अडवते."

"ताई, हे छत हाय का कुंभारवाडा?"

"घाला तर! पडलं तर माझ्या डोक्यावर पडू द्या."

"तुमच्या न्हाई, लेकरांच्या पडंल."

दोन खोल्या तशा केल्या, कुरकुरत. तिसरीच्या वेळी ताई दवाखान्यात होत्या. मी सळई वाढवली, भरीव काँक्रीट ओतलं, खालून गिलावा मारला. त्या परत आल्या तेव्हा म्हणलं, "घातली मडकी." त्यांनी वर बघितलं, मान हलवली... बस.

पहिल्याच उन्हाळ्यात शाळेच्या बाई म्हणायला लागल्या, ताईंचा नकाशा इथं चुकला, या खोलीत लेकरं दुपारी बिथरतात. पंखा दिवसभर गरगर करायचा आणि एक पोरगी कान दाबून कोपऱ्यात बसायची. ते बघायचो, पण माझं चुकलं म्हणायला जीभ उचलली न्हाई. ताई भेटल्या की मी दुसरंच काहीतरी बोलायचो.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. चहा देता देता भाऊ हसला. "मामा, ताई तुमचं नाव काढून लय हसायची. म्हणायची, मामांच्या घरी चहाला गेले तर अंगणात शाळेचीच मडकी, अन् दोनात कोंबड्या अंड्यावर बसलेल्या!"

मी कप खाली ठेवला. "मग मला बोलल्या का न्हाईत?"

"मीबी तेच विचारलं. म्हणली, छत मजबूत हाय, भ्यायचं कारण न्हाई. वरून मडकी मांडून चुन्याचा थर दिला तरी खोली थंड होईल. पण मी सांगितलं तर मामा थापी टाकून जातील. त्यांच्या तोंडून येऊ दे."

मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं हसू. तीन वर्षं जे जिवापाड लपवलं, ते त्या बाईनं पहिल्याच चहाला बघून ठेवलं होतं... आणि तरी मला मामाच म्हणत राहिली. येताना एसटीत कितीतरी दिवसांनी डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच गेलो. बाई कुलूप काढायल्या होत्या. म्हणलं, "बाई, तिसरी खोली ताईंनी न्हाई बिघडवली. मी बिघडवली, जाणूनबुजून."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, भिंतीला टेकवलेल्या शिडीकडं बघितलं. "मग आता?"

"आता शिडी धरा," म्हणलं, आणि अंगणातनं आणलेल्या त्याच मडक्यांची पाटी डोक्यावर घेऊन वर चढलो.