हिरव्या खड्यांची विहीर

घाटंजीच्या वाहिदची हयात विहिरी खोदण्यात गेली. काळ्या खडकात सुरुंग लावायचा, फुटलेला दगड वर ओढायचा, पाणी लागलं की पुढचं गाव. मधेच एखादी पोकळी उघडायची आणि आत पांढऱ्या सुयांचे झुबके, हिरवट काचेसारखे खडे लखलखायचे. पांढऱ्याला झिओलाइट म्हणतात, हे त्याला व्यापाऱ्याकडून कळलं होतं. व्यापारी माल उचलायचा, पण अखंड असला तरच.

बाबारावांच्या विहिरीत सुरुंगानंतर हंड्याएवढी पोकळी उघडली. एवढे हिरवे खडे वाहिदने कधी पाहिले नव्हते. आधी पहारीने सुटे दगड पाडायचे, मगच माणूस आत सोडायचा, हा नियम त्यानेच घातलेला. पण विहीर बाबारावांची, खडेही त्यांचेच. ते जेवून परत यायच्या आत माल बाहेर काढायला हवा होता.

"उतर लवकर," तो धर्मपालला म्हणाला. "दगडं मंग पाडू."

धर्मपाल त्याचा जुना जोडीदार. काही न विचारता तो दोराला धरून उतरला. खडे टोपलीत भरतो न भरतो तोच वरचा सुटा दगड त्याच्या पायावर कोसळला. त्याला वर काढलं तेव्हा एक हिरवा खडा मुठीत तसाच होता. पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

आपणच हट्टाने उतरलो, असं धर्मपालने सगळ्यांना सांगितलं. वाहिद अधूनमधून त्याच्या घरी जायचा, हवं नको बघायचा. धर्मपालच्या बायकोने, शीलाने, तो खडा बुद्धमूर्तीजवळ ठेवला होता. वाहिद खड्याकडे पाठ करून बसायचा. स्वतःच्या घरी बायकोने, हजराबीने, वाढलेलं ताट तसंच राहायचं.

एकदा चहा देता देता शीलाने विचारलं, "भाऊ, तुमी वरच होते ना? मंग ह्याईले थांबवलं काहून नाही?"

वाहिदने कप खाली ठेवला. "मीच उतरवलं, वहिनी. बाबारावच्या चोरीनं खडे काढाचे होते मले."

शीला उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"कायले सांगतलं?" धर्मपाल खाटेवरून हळूच म्हणाला. "आता सारं माहीत असून तिले तुमचं तोंड पाहा लागंन."

दुसऱ्या दिवशी धर्मपालला तपासणीसाठी यवतमाळला न्यायचं होतं. वाहिद ऑटो घेऊन आला. शीलाने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. वाहिदने खाली मान घालून धर्मपालला उचललं.