पहिला नारळ
ज्या हातांनी मेलेलं इंजिन जिवंत केलं, त्या हातांचा विटाळ कसा होतो, सांगाल? आयुधपूजेचा कापूर जळाला की मला देवनहळ्ळीच्या मळ्यातला आमचा जुना एक टनी ट्रक आठवतो. गावकुसाबाहेरच्या एका मेस्त्रीनं चार महिने खपून तो उभा केला होता. पूजेला काका त्याला म्हणाले, "स्वल्प लांब उभा राहा रे." तो हसला, "सरी, मालक, राहतो. पण हँडल कोण मारणार?" नारळ फुटला; काका हँडल मारून घामाघूम झाले, ट्रक हूं की चूं करेना. शेवटी मेस्त्रीलाच हाक मारली. त्यानं एकदाच हँडल फिरवलं आणि इंजिन गरजलं. प्रसाद मात्र त्याच्या ओंजळीत वरूनच टाकला. समतेची पत्रकं वाटणारा मी तबक धरून गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणं मला अजून स्वस्थ बसू देत नाही. यंदा तुमच्या गाडीचा पहिला नारळ ती दुरुस्त करणाऱ्याच्या हातून फोडा.